कुंकू लावलेली खुर्ची

मार्गशीर्षातला पहिला रविवार, सकाळची वेळ. रक्कम एक्कावन्न हजार रुपये. हजर पाच जण: तुझा मुलगा संजू, सून रूपाली, तुकाईच्या देवळाचे शामराव गुरव, गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष विकास आणि मी, तुझा धाकटा भाऊ. जागा तुझ्याच घराचा सोपा, पुढची ओसरी. तुझं तेरावं होऊन आठवडा झाला नव्हता आणि तुझ्या फोटोखाली बसून आम्ही तुझ्याच पैशांवरून आवाज चढवत होतो.

आक्का, यात पहिला दोष तुझा. दवाखान्यात तू संजूला म्हणालीस, "पोस्टातलं पैसं तुकाईला द्या." मी पलंगाशेजारीच उभा होतो. मी विचारलं, "तुकाईला म्हणजे कशाला?" तू म्हणालीस, "आता ते पण मीच सांगू व्हय?" आणि कूस बदललीस. जन्मभर तू असंच बोललीस. अर्धं वाक्य टाकायचं, उरलेलं समोरच्यानं उचलायचं. मला अशी अर्धी वाक्यं सोसत नाहीत, हे तुला पन्नास वर्षं माहीत होतं.

तर संजूचं म्हणणं, आईच्या नावानं देवीला चांदीची प्रभावळ करू. विकासचं म्हणणं, गल्लीच्या तोंडाला कमान उभी करू, वर तुझं नाव, नवरात्रात दिव्यांची माळ. शामरावांचं म्हणणं, सभामंडपात गुळगुळीत फरशी घालू. मी म्हटलं, "आक्कानं जे काम हातात घेतलं होतं त्यातच घालू. माणसं आत जातील असं काहीतरी." त्यावर तुझा संजू, एरवी माझ्यासमोर तोंड वर न करणारा, म्हणाला, "मामा, ते झालंय की करून. उतार हाय, खुर्च्या हायत. कोण बसतंय का त्यात?"

आणि खरंच, कुणीच बसत नव्हतं.

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण लिहायला बसलोच आहे तर पहिल्यापासून लिहितो, म्हणजे कुणाला वाचून कळलं नाही असं व्हायला नको.

आपलं तुकाईचं देऊळ काळ्या दगडाचं. किती जुनं, ते जो तो वेगळं सांगतो, म्हणून मी आकडा लिहीत नाही. अंबाबाईचं दर्शन घेऊन आणि जोतिबाचा गुलाल डोक्यावर घेऊन माणसं आपल्या गल्लीत येतात, आणि तुकाईपुढं डोकं टेकल्याशिवाय परत एष्टीत बसत नाहीत. अडचण देवळात नाही, रस्त्यात आहे. दरवेळी नवं डांबर पडतं, जुनं कुणी उकरत नाही. रस्ता चढत गेला आणि देवी खाली राहिली. आपल्या लहानपणी एक पायरी उतरावी लागायची, आता तीन. त्यापुढं तो गुडघाभर उंच उंबरा. त्यावर पाय द्यायचा नाही. वाकून हात लावायचा, हात कपाळाला न्यायचा आणि पाय उचलून पलीकडं टाकायचा. धडधाकट माणसाला यात काही नाही. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला सगळंच आहे.

तुझं घर देवळाच्या बरोबर समोर, आणि पुढं तो कट्टा. संध्याकाळी कामावरून येताना मी तिथं टेकायचो. तू कधी मेथी निवडत असायचीस, कधी नुसतीच बसलेली असायचीस. आणि कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेहमी कुणीतरी म्हातारं माणूस बसलेलं असायचं, भोवती आठ-दहा चपलांचे जोड. घरचे आत गेलेले, आणि ज्याच्या नवसासाठी सगळे निघाले होते तो इथं चपला राखतोय.

मला ते दिसत होतं, पण मी त्यात काही विशेष पाहिलं नव्हतं. तू पाहिलंस. गारगोटीकडचं एक जोडपं होतं, आठवतं? म्हातारा तुझ्या कट्ट्यावरूनच हात जोडत होता.

"तुम्ही न्हाई गेलासा आत?" तू विचारलंस.

"न्हाई बाई. आमचं इथनंच."

"इथनं काय दिसतंय? मला तीस वर्षं झाली हितं बसून, मला तर नुसता समईचा उजेड दिसतोय."

"तेवढा बास की."

"बास कसा? एष्टीचं तिकीट काढून माझा कट्टा बघायला आलासा व्हय?"

म्हातारा हसला. त्याची बायकोही बाहेर येऊन हसली. तू हसली नाहीस. ते गेल्यावर मला म्हणालीस, "बाळू, ह्या पायऱ्यांचं काय करता येतंय बघ."

हे वाक्यसुद्धा अर्धंच. बघ म्हणजे काय बघ? देऊळ जुनं, दगडाला हात लावायचा तर परवानगी पाहिजे. परवानगी कुणाची, हे विचारायला मी तीन ठिकाणी गेलो आणि प्रत्येकानं पुढच्याचं नाव सांगितलं. शेवटी एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की दगडात खिळाही मारू नका, पण वर ठेवून उचलता येईल असं काही केलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. तेवढं लेखी द्या म्हटलं, तर ते दिलं नाही. मी हात टेकले. तू नाही टेकलेस. "तोंडानं म्हणाला न्हवं? मग झालं," म्हणालीस.

उताराचा हिशेब मी मांडला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असावी, असं मी एका अभियंत्याकडून विचारून आलो होतो. तीन पायऱ्यांना धरून लांबी इतकी आली की उतार थेट तुझ्या स्वयंपाकघरात संपला असता. मी कागद तुझ्यासमोर धरला. तू तो हातातही घेतला नाहीस.

"मग तेवढी जागा न्हाई म्हणून त्यांनी कट्ट्यावर बसायचं व्हय?"

"उतार उभा झाला तर चाकाची खुर्ची सुटेल, आक्का. माणूस पडेल."

"मागनं धरायला कोण न्हाई का? खुर्ची म्हंजे काय बैलगाडी हाय, एकटी सोडायला?"

तिथं मी चिडलो, आणि अजूनही म्हणतो की मीच बरोबर होतो. पण उतार उभाच झाला, दोन तुकड्यांत, खाली रबर लावलेला, आणि आजपर्यंत त्यावर कुणी पडलेलं नाही. हे मी इथं नोंदवून ठेवतो, कारण तू असताना कबूल केलं नव्हतं.

उद्यमनगरात खुर्ची सांगायला आपण दोघं गेलो तो दिवस मात्र चांगला गेला. वर्कशॉपवाला म्हणाला, "दवाखान्याला पाहिजे काय?"

"न्हाई, देवळाला," तू म्हणालीस.

"देवीला चाकाची खुर्ची?"

"देवी कशाला बसंल? देवीच्या पावण्यांना. आणि पावणी जड असत्यात, गाडी बारीक करू नगंस."

त्यानं हात जोडले आणि दर खाली आणला. महिन्याभरानं खुर्ची घ्यायला गेलो तेव्हा तू पहिल्यांदा त्यालाच तीत बसवलंस, आणि मग स्वतः बसलीस. मागनं मी ढकललं. वर्कशॉपच्या अंगणात लोखंडाचे तुकडे, भुसा, तेलाचे डाग, आणि त्यातून तू हात सोडून चाललीस. "झ्याक हाय की रं," म्हणालीस. हँडलचा रंग पुरता वाळला नव्हता. तुझ्या पदराला निळा पट्टा लागला आणि तू तो धुऊन काढायचा प्रयत्नही केला नाहीस. तुला त्या खुर्चीत खुशीत बसलेली मी एवढंच एकदा पाहिलं.

खुर्ची उतारावरून उंबऱ्यापर्यंत गेली आणि शामराव आडवे आले.

"रिकामी खुर्ची उचलून पलीकडं ठेवू, माणसाला धरून उंबरा ओलांडवू, मग पुन्हा बसवू," मी समजावलं.

"माणूस येऊ दे. खुर्ची न्हाई. चाकं रस्त्यावरनं आल्यात. चाकं म्हंजे चपलाच की."

"चाकं म्हंजे चपला?" तू कमरेवर हात ठेवलास. "शामराव, आत येणारी माणसं पाय धुवून येत्यात व्हय? उन्हाळ्यात कितीजण नळाला हात लावत्यात, मी समोरच बसलेली असते."

"पायाचं येगळं. अनवाणी पाय देवीला चालतो. शेणातनं आलेलं रबर न्हाई चालायचं. उद्या लोक म्हणतील गुरवानं देवळात गाड्या घातल्या."

मला वाटलं इथं सगळं संपलं. शामराव वाईट माणूस नव्हे. त्या दगडावर माणसं लोटांगण घालतात, नैवेद्याची शितं पडतात, ते रोज गुडघ्यावर बसून ती जमीन पुसतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही चाकांकडं तसंच बघितलं असतं. तू म्हणालीस, "बाळू, आणखी एक खुर्ची सांग. ती आतच राहील. जन्मली की उंबऱ्याच्या आत, बाहेरचा रस्ता तिला दिसायचा न्हाई."

मी खर्च काढायला लागलो. तू म्हणालीस, "दोन घे म्हटलं की दोन." शामराव उंबऱ्यातून बाजूला झाले.

ते चार-पाच महिने, आक्का, तुझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते असं मला वाटतं. तू हे कबूल केलं नसतंस. बाहेरच्या खुर्चीतून माणूस उंबऱ्याशी यायचं. एक बाजू तू धरायचीस, दुसरी त्याच्या घरचं कुणी. "हात लावा उंबऱ्याला. आता डावा पाय. घाई न्हाई, देवी कुठं जात न्हाई." पलीकडं आतली खुर्ची तयार. तीतून थेट गाभाऱ्याच्या दारात. एका म्हाताऱ्यानं तुकाईचे डोळे बघून विचारलं, "हिला नथ कधी घातली?" तो लहानपणी एकदा आला होता, तेव्हा नथ नव्हती म्हणे. तू हे मला तीनदा सांगितलंस.

मग खंडेनवमी आली.

गल्लीत त्या दिवशी काय काय पुजतात ते नवं नाही. मोटारसायकली, कटर, शिलाई मशिन, विकासच्या मांडवाच्या धंद्यातले हातोडे. विकास आणि त्याच्या पोरांनी प्रेमानं आतल्या खुर्चीचीही पूजा केली. पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हातांवर हळदीची बोटं, झेंडूचा हार, पुढं नारळ फोडला. विकास मला हाक मारून म्हणाला, "काका, बघा की कशी सजलीया." मी बघितलं आणि चांगलं म्हटलं. कुणाच्याच मनात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गारगोटीकडच्याच एका बाईंना तू उंबरा ओलांडवून आत आणलंस. त्यांनी खुर्ची बघितली. कुंकू, हार, वर देवीच्या पुढ्यात उभी. त्या खाली वाकल्या, खुर्चीच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "आयाऽ, देवीचं आसन."

"आसन न्हाई हो. तुमच्यासाठीच हाय. बसा."

"देवीच्या आसनावर मी बसू? पाप लावता व्हय बाई?"

त्या दोन्ही बाजूंनी धरून, मधे दोनदा थांबून, उभ्यानंच गाभाऱ्यापर्यंत गेल्या. त्यांच्या मागच्यानं हे बघितलं, त्यानंही नमस्कार केला. त्याच्या मागच्यानं बैठकीवर दहाची नोट ठेवली. आठवड्याभरात शामरावांनी खुर्ची खांबाजवळ सरकवली आणि कुणीतरी पुढं निरांजन लावलं.

मी कुंकू पुसायला निघालो. शामराव म्हणाले, पुसायचं कसं, लोकांनी हात जोडलेत त्याला. मी तुझ्याकडं आलो, म्हटलं, तू चल, तू सांगितलंस तर ऐकतील. तू माझ्याबरोबर आत आलीस. खुर्चीसमोर उभी राहिलीस. आणि आक्का, तू हात जोडलेस.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे काय केलंस?"

"कुंकू दिसलं की हात आपसूक जातोय रं. मी काय करू?"

त्याच रात्री मी घरी जेवताना बायकोला म्हटलं, आक्काची खुर्ची आक्कानंच देवाला दिली. ते तुझ्या कानावर गेलं आणि आपण दोन महिने नीट बोललो नाही. तू कट्ट्यावर, मी समोरून जाताना फक्त "काय, बरं?" एवढंच. नवी तिसरी खुर्ची करू, असं मी सुचवलं होतं, पण तू म्हणालीस, तिलाबी पुढच्या खंडेनवमीला हार पडंल. हे खरंच होतं.

वैशाखात तू न्हाणीत घसरलीस आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं. आधार दिला तर घडीभर उभं राहता येत होतं, चालता येत नव्हतं. ह्या नवरात्रात तुझी सून, नातवंडं, माझ्या घरचे सगळे आत गेले आणि तू कट्ट्यावर बसलीस. भोवती आमच्या चपला. मी बाहेर आलो आणि ते बघितलं आणि मला इतका संताप आला की कुणावर करावा तेच कळेना. विकासवर, गुरवावर, तुझ्यावर, त्या कुंकवावर.

शामरावांना मी सांगितलं की हे बरं दिसत नाही. त्यांनाही ते लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, ते स्वतः बादली घेऊन आले. बाहेरच्या खुर्चीची चाकं घासून धुतली, वर गोमूत्र शिंपडलं आणि म्हणाले, "आक्का, चला. हीच खुर्ची आत घेतो. तुमच्यासाठी."

मी तुला उतारावरून खाली आणलं. उंबऱ्यापाशी आलो. तू वाकून उंबऱ्याला हात लावलास, कपाळाला नेलास. मला वाटलं, झालं. आणि तू म्हणालीस, "बाळू, वळव."

"का?"

"सोमवारी त्या कर्नाटकातल्या बाईची खुर्ची उंबऱ्याशीच अडवली न्हवं ह्यांनी? तिची चाकं धुतली कुणी?"

"आक्का, आज तू जा. तू गेलीस की उद्यापासून सगळ्यांची धुतील. असाच पायंडा पडतो."

"पायंडा न्हाई पडत. ह्याला लाड म्हणत्यात. गल्लीतली हाय म्हणून."

शामराव बादली घेऊन तसेच उभे. मी तुला खूप बोललो. हट्टी म्हटलं, गर्विष्ठ म्हटलं, लोकांना दाखवायला करतेस म्हटलं. तू म्हणालीस, "मग म्हण की." मी तुला परत कट्ट्यावर आणून बसवलं. तू देवीला जवळून न बघता गेलीस, आणि तो दिवस तुझ्या हातात होता. हा वाद मी आजही सोडलेला नाही. पायंडे असेच पडतात, आक्का, कुणातरी ओळखीच्यापासून. पहिला माणूस नेहमी लाडकाच असतो. तू आत गेली असतीस तर सोमवारच्या त्या बाईसारख्या सगळ्यांसाठी मी स्वतः बादली उचलली असती. पण तू माझ्यावर तेवढा विश्वास ठेवला नाहीस, आणि हे मला तुला तेव्हा सांगता आलं नाही, कारण मी ओरडत होतो.

तर गेल्या रविवारी संजूनं विचारलं, कोण बसतंय का त्यात. रूपाली चहा घेऊन आली होती. तुझी ही सून चार माणसांत कधी बोलत नाही, तू म्हणायचीस की हिच्या तोंडातनं शब्द विकत घ्यावा लागतोय. तिनं कप ठेवले आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "आमच्या गावाकडं खंडेनवमीला कोयतं पुजत्यात."

"मग?" संजू म्हणाला.

"मग काय? दुसऱ्या दिवशी उचलून उसात जात्यात. पुजलेला कोयता कोण खांबाला टेकवून ठेवत न्हाई. पूजाच त्यासाठी असत्या न्हवं, पुढं वापरायची म्हणून?"

विकासनं कप हातात घेतला होता तो तसाच धरला. "व्हय की," तो म्हणाला. "माझं हातोडं दसऱ्याच्या सकाळीच मांडवावर होतं."

मी शामरावांकडं बघितलं. ते आढ्याकडं बघत म्हणाले, "खुर्ची उचललीच न्हाई आपण. पूजा केली, उचलायची राहिली."

एवढंच होतं, आक्का. एक वर्ष, जवळजवळ दोन महिने. तू होतीस, मी होतो, गुरव होता, पूजा करणारा स्वतः होता. दरवर्षी आपण सगळे शस्त्रं, यंत्रं, गाड्या पुजतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पाय टाकून निघतो, आणि ह्या एका वस्तूपाशी आपलं डोकं बंद पडलं. देवीच्या समोर होती म्हणून. माझा राग आता रूपालीवर जायला लागला होता. मी तिला विचारलं, "हे आधी का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. खरंच, मी विचारलं नव्हतं, आणि तूही नाही.

दुपारी आम्ही सगळे देवळात गेलो. मी म्हटलं, नुसती उचलून उपयोग नाही, वर्षभर लोक पाया पडलेत, त्यांना कळलं पाहिजे. गणपतीची करतो तशी उत्तरपूजा करा. शामराव म्हणाले, "आवाहनच केलं न्हवतं, मग उत्तरपूजा कशाची?"

"काका, गेल्या वर्षी चुकून आवाहन झालं असं धरा," विकास शामरावांना म्हणाला. "तुम्ही म्हणा काहीतरी मोठ्यानं. बघणाऱ्याला कळू दे की झालं."

शामरावांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, मला कळलं नाही असं काहीतरी मोठ्यानं म्हटलं आणि खुर्ची जागेवरून चार बोटं हलवली. मग ओल्या फडक्यानं त्यांनीच स्वस्तिक पुसलं. पुरतं गेलं नाही, लाल खूण राहिली आहे. आता प्रश्न एकच होता. पहिल्यांदा बसायचं कुणी.

"संजू, तू बस," मी म्हटलं.

"मी न्हाई मामा."

विकास दोन पावलं मागं गेला. मग शामराव पुटपुटले, "सगळं माझ्यापासनंच सुरू झालंय," धोतर आवरलं आणि बसले. खुर्ची करकरली. तुला माहीत आहे त्यांचं वजन. विकासनं त्यांना ढकलत सभामंडपाला एक फेरी मारली. दर्शनाला आलेली माणसं थांबून बघत होती. एक पोरगी हसली. शामराव म्हणाले, "हसा की. मऊ हाय, तुम्हीबी बसा."

त्या दिवशी कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोघांना मी स्वतः सांगून पाहिलं, दोघांनी नमस्कार केला आणि निघून गेले. मंगळवारी निपाणीकडची एक अज्जी आली, मुलगा आणि नात बरोबर. बाहेरच्या खुर्चीतून उंबऱ्याशी, उंबऱ्याला हात, पाय पलीकडं, रूपालीनं धरलं होतं. अज्जीनं आतली खुर्ची बघितली, लाल खूण बघितली आणि वाकून खुर्चीच्या हाताला हात लावला. मी मनात म्हटलं, गेलं. पण तिनं तो हात कपाळाला नेला आणि मग वळून खुर्चीत बसली, जणू दोन्ही गोष्टी एकापुढं एक असतातच. "चला," ती म्हणाली. विकासनं ढकललं.

मी तिथं उभा राहून बघत होतो आणि मला तुझ्यावर पुन्हा चिडायचं होतं, पण जमलं नाही. आपण दोघं भांडलो ते हात जोडायचे की बसायचं यावर. उंबऱ्यालाही आपण हात लावतो आणि मग ओलांडतोच. अज्जी गाभाऱ्याच्या दारात बराच वेळ बसली. काय म्हणाली ते कानडीत होतं. त्या दिवसापासून बहुतेक जण असंच करतात, आधी पाया पडतात आणि मग बसतात. काही अजून बसत नाहीत. काल तिघं बसले. मी मोजायचं थांबवलेलं नाही.

तुझ्या रकमेचं अजून ठरलेलं नाही. संजू प्रभावळीवरून हटलेला नाही, विकासच्या डोक्यातून कमान गेलेली नाही, आणि माझं म्हणणं तुला माहीत आहे. खुर्चीपाशी दिवसभर एक माणूस पाहिजे, पगार देऊन. यावर पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं आहे, आणि पुन्हा भांडण होणार. आजअखेर तुझ्या पैशातून गेले आहेत ते एकशे एक रुपये. शामराव गुरवांना, उत्तरपूजेची दक्षिणा म्हणून. संजूनं दिले, त्यांनी घेतले. एवढेच लागत होते.